कुमुदिनीचे वाकडे रणगाडे

सबनीसांच्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस हॉलमधल्या शोकेससमोर थबकतोच. आत ना संगमरवरी ताजमहाल, ना मुलाला मिळालेले कप. आत ओळीने रणगाडे! आणि तेही कसे? एक डावीकडे कललेला, दुसऱ्याची दोन चाकं जमिनीला टेकतच नाहीत, तिसऱ्याच्या तोफेची नळी अशी खाली झुकलेली, की जणू लढाई हरून स्वारी घरी निघालीय. पाहुणा हसू दाबत विचारतो, "मुलाचे का हो?" आणि आतून पोह्यांची बशी घेऊन येणारी, साठीला टेकलेली कुमुदिनी म्हणते, "छे हो, माझे."

मग राजीव, म्हणजे तिचा नवरा, सोफ्यावरून पेपर बाजूला करून म्हणतो, "आमची रणरागिणी आहे. फरीदाबादवर कुणी चाल करून आलंच, तर हे रणगाडे बघून तो हसून हसूनच मरेल." पाहुणा मनमोकळं हसतो, पोहे खातो आणि विषय बदलतो. बाईमाणसाला हे काय वेड लागलं, हे विचारायचं धाडस कुणी करत नाही. केलं असतं तरी कुमुदिनीने ताकास तूर लागू दिली नसती.

तशी ही मंडळी ठाण्याची. राजीव केंद्र सरकारच्या नोकरीत बदलून दिल्लीला आला आणि 'जाऊ गं लवकरच परत' असं म्हणता म्हणता फरीदाबादला फ्लॅट घेऊन तिथेच निवृत्त झाला. मुलगा सुयश दिल्लीत लहानाचा मोठा झाला, 'कशिदा म्हणजे काय गं आई' असं विचारण्याइतका दिल्लीकर झाला आणि नोकरीला मात्र पुण्याला गेला. घ्या आता! कुमुदिनीने बरीच वर्षं शाळेत शिकवलं, पण तिचं नाव होतं ते त्या कशिद्यासाठी. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीचा शेला दरवर्षी तिच्याच हातचा असायचा. टाका इतका नेटका, की मंडळातल्या बायका शेला उलटा करून बघायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. बायका काही बोलत नाहीत, याहून मोठी पावती कुठली?

आणि एका हिवाळ्यात, शेल्यावरची वेल भरताना, तिची सुई थरथरली.

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, थंडी आहे, वय झालंय. कुमुदिनीने सुई खाली ठेवली. तिच्या आईचं, इंदुमतीबाईंचं, अस्संच सुरू झालं होतं. आधी सुईत दोरा जाईना. मग एका हळदीकुंकवाला त्यांनी शेजारणीच्या कपाळाऐवजी भुवईवर कुंकू टेकवलं, सगळ्या हसल्या, त्याही हसल्या. मग हातातला कप डुचमळायला लागला, मग चमचा, आणि शेवटी भरवायला माणूस लागलं. कंपवात. कुमुदिनीने स्वतःच्या हाताने आईला भरवलं होतं, त्यामुळे तिला पुढचा सगळा रस्ता पाठ होता. आपल्याला तेच झालंय, हे तिने मनाशी ठरवूनच टाकलं. डॉक्टरकडे जायचं नाही हेही ठरवलं. त्यांनी नाव घेतलं की ते खरं झालं!

शेला तिने कसाबसा पुरा केला. मंडळात सांगितलं, "डोळे साथ देत नाहीत हो, आता तरुण मुलींकडे द्या." राजीवलाही तेच सांगितलं. रेशमाच्या लडी पेटीत गेल्या आणि पेटी दिवाणाखाली.

पण हाताला सवय लागलेली, तो रिकामा बसेना. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर सुयशचा शाळेतला एक अर्धवट रणगाडा सापडला. खोक्यावर धूर ओकत निघालेल्या रणगाड्याचं झकास चित्र, आणि आत काय? खाकी प्लास्टिकचे तुकडे, प्रत्येकाच्या कडेला वितळून पसरलेल्या प्लास्टिकची झालर. खुंटी जाड आणि भोक बारीक. चाकं धड गोल नाहीत. वरच्या घुमटाचे दोन अर्धे एकमेकांशी जन्माचं वैर असल्यासारखे. कुमुदिनी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून सहज बसली. पॉलिश पेपरने घासलं, फटीत एम-सील भरलं, वाकडं ते वाकडंच चिकटवलं. रणगाडा तयार झाला, तो ध्यानच दिसत होता. आणि तिला एकदम हलकं वाटलं. हात थरथरला होता, हो, चाक निसटलं होतं, हो, पण चूक कोणाची ते कोण सांगणार? सुई चुगली करते. हा डबडा रणगाडा काही म्हणून बोलत नाही.

"अहो, असा अजून एक मिळेल का?" तिने विचारलं.

राजीव मेट्रोने करोल बागला गेला आणि घेऊन आला. मग हा रिवाजच पडला. कुमुदिनी स्वतः जायची नाही, त्या गर्दीत आणि धुरात तिची छाती भरून यायची. दिल्लीच्या हवेने तिला दम्याचा पंप लावला होताच. इथे कुणाच्या पर्समध्ये नसतो? रणगाडा चिकटवायच्या सोल्युशनच्या उग्र वासानेही तिला घुसमटायला व्हायचं, म्हणून ती टेबलाशी बसायच्या आधी पंप ओढून घ्यायची आणि मग बैठक मारायची.

राजीव आणायचा ते खोके तरी एकेक काय! एकात पट्ट्याची शेवटची कडीच नाही, दुसऱ्यात दोन्ही बाजू डाव्या. कुमुदिनी मोठमोठ्याने कारखानदाराचा उद्धार करायची. "मेल्यांना लाज नाही वाटत? हे भोक आहे का डोळ्यातलं कुसळ?" आणि राजीव स्वयंपाकघरातून ओरडायचा, "बघ ना! काय यार, नुसता कचरा विकतात!" त्याच्या त्या ओरडण्याने तिला फार बरं वाटायचं.

आणि मग सुयशने घोळ घातला. प्रेमाने घातला, पण घोळच तो. यंदा दिवाळीला तो बायकोला, रेवतीला घेऊन आला आणि आईपुढे एक जडशीळ खोका ठेवला. "आई, तो कचरा सोड आता. हा जपानी आहे, एकदम ओरिजिनल. सगळं हात लावताच बसतं. ज्याला हा जमला नाही ना, त्याने हॉबीच सोडावी!"

रेवती टाळ्या वाजवत म्हणाली, "आई, आत्ताच उघडू या!"

कुमुदिनीच्या तोंडचं पाणी पळालं. हा जमला नाही तर बोट दाखवायला कुणी उरत नव्हतं. ती काही बोलायच्या आत राजीवने खोका उचलला. "आधी फराळ करा. रणगाडा कुठे पळून जातोय?" आणि त्याने तो स्टुलावर चढून थेट माळ्यावर, जुन्या कुलरच्या मागे सारला. कुमुदिनीला त्याचा रागही आला आणि सुटल्यासारखंही वाटलं. पोराने हौसेने आणलेली वस्तू अशी अडगळीत टाकतं का कुणी?

मुलं पुण्याला परतली. आता खोका माळ्यावर आणि कुमुदिनीचा जीव टांगणीला. चकलीचा डबा काढताना तो दिसायचा, कपडे वाळत घालताना आठवायचा. फोनवर सुयश विचारायचा, "आई, कुठपर्यंत आलं?" ती म्हणायची, "करते रे, घाई काय." शेवटी तिचं तिलाच असह्य झालं. एकदाचा काय तो सोक्षमोक्ष लागू दे! राजीव मंडळाच्या मीटिंगला गेल्याचं बघून तिने दुपारी खोका खाली काढला, पंप ओढला, पेपर पसरला.

काय सुरेख भाग होते ते! कडा स्वच्छ, खुंट्या नेमक्या, चाकं गोल गरगरीत. घुमटाचे दोन अर्धे तिने जवळ आणले तर टक करून बसले. तिला हसू फुटलं. जमतंय की! मग तिने चिमट्यात पहिलं लहान चाक धरलं आणि खुंटीजवळ नेलं. चाक लटलट हलायला लागलं. तिने श्वास रोखला, कोपर टेबलाला टेकवलं, मनात गणपतीचं नाव घेतलं. चाक निसटलं आणि फरशीवर टणटणत सोफ्याखाली गेलं. दुसरंही गेलं. तिसरं तिने उचललंच नाही.

राजीव परत आला तेव्हा ती सोफ्याशी फरशीवर बसून हमसाहमशी रडत होती. त्याने टेबलावरचा खोका बघितला आणि तो पिशवी हातात घेऊन तसाच दारात उभा राहिला.

"अहो, मला आईचं झालंय," ती म्हणाली.

आईचं म्हणजे काय, हे त्याने विचारलं नाही. तिच्याजवळ फरशीवर बसला, गुडघे कुरकुरले तरी बसला आणि म्हणाला, "चल. आता डॉक्टरला दाखवूच."

डॉक्टर शिवांगी म्हणून एक तरुण बाई होत्या, मज्जासंस्थेच्या. रिक्षातून उतरताना धुराने कुमुदिनीला खोकला आला, तिने दारातच पंप ओढला आणि मग आत जाऊन, तो टेबलावर ठेवून हात पुढे केले. ते चांगलेच थरथरत होते. राजीव भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसला. डॉक्टरबाईंनी तिला चालायला लावलं, बोटं टिचकवायला लावली, कागदावर गोल काढायला लावले, हात मांडीवर सैल सोडून गप्पा मारायला लावल्या. मग विचारलं, "आंटी, इनहेलर कब लिया था?"

"अभी, नीचे।"

"और दिन में कितनी बार?"

कुमुदिनी शाळेतल्या पोरीसारखी चाचरली. जेव्हा छाती भरेल तेव्हा. आणि कामाला बसायच्या आधी तर नेमाने. सुई थरथरली त्या हिवाळ्यातच पंप सुरू झाला होता ना? हो, तेव्हाच. तोंडातून हे निघालं आणि तिने कपाळावर हात मारला.

डॉक्टरबाई हसल्या. "आपकी मम्मी वाली बीमारी के लक्षण मुझे आपमें नहीं दिख रहे। हाथ इस पंप से काँप रहे हैं।" छातीच्या डॉक्टरांना भेटा, औषध बदलून घ्या, एवढा पंप ओढायची वेळ येते म्हणजे दम्याकडे नीट बघितलंच गेलेलं नाही, असं त्या खडसावूनही बोलल्या. कुमुदिनीला ते खडसावणंसुद्धा गोड लागलं. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते तिला त्या दिवशी कळलं. बाहेर येऊन तिने समोरच्या गाडीवर छोले-कुलचे खाल्ले, राजीवच्या ताटातलेही खाल्ले आणि घरी येईपर्यंत ती अखंड बोलत होती. राजीव नुसता मान डोलावत होता.

औषध बदललं, छाती मोकळी झाली, आणि जपानी रणगाडा असा उभा राहिला, की सुयशने फोटो बघून "आई, बिल्कुल खरा!" असा मेसेज टाकला. कुमुदिनीला आता कोण उत्साह! "अहो, चला, या वेळी करोल बागला मीही येते. माझा माल मी निवडणार." राजीवने 'ऊन आहे, गर्दी आहे, मीच आणतो' असे बरेच आढेवेढे घेतले. ती कसली ऐकते!

दुकान एका गल्लीत जिन्याखाली होतं. राजीव दिसताच दुकानदाराने काउंटरखाली हात घातला आणि धुळीने माखलेला, एका बाजूने चेपलेला खोका वर काढला. "आओ साहब! आपका वाला रखा है, अलग निकाल के।"

"ये नहीं भैया, अच्छा वाला दिखाइए," कुमुदिनी म्हणाली.

"अच्छा वाला?" दुकानदाराला हसू आवरेना. "भाभीजी, अच्छा वाला तो मैंने पहले ही दिन दिखाया था। साहब बोले, नहीं, वो दो जिसमें कुछ भी ठीक से ना बैठे। मैंने कहा, साहब, ऐसा माल तो लोग लौटा जाते हैं। बोले, जो लौटाया हो वही दो। तब से सारा रद्दी माल इन्हीं को जाता है।"

कुमुदिनी वळली. राजीव समोरच्या गाड्यांच्या सीट कव्हरच्या दुकानाकडे असं बघत होता, की आयुष्यात त्याला दुसरं काही बघायचंच नव्हतं.

"तुम्हाला ठाऊक होतं?" तिने विचारलं.

"शेल्यावरची शेवटची पानं बघितली होती गं मी," तो सीट कव्हरांनाच सांगत होता. "तू झोपलीस की तुझ्या हाताकडे बघत बसायचो. म्हटलं, डोळ्यांचं सांगतेय, सांगू दे. दोष टाकायला काहीतरी हवं ना तुला. विचारलं असतं, तर डॉक्टरकडे जावं लागलं असतं. माझीच छाती होईना."

"आणि म्हणून तो सुयशचा खोका कुलरमागे टाकलात?"

"मग काय करणार होतो?"

ती जाम भडकली. म्हणजे ही एकाच घरात, एकाच टेबलाशी, दोन माणसं एकच भीती घेऊन बसली होती, आणि दोघंही एकमेकांपासून लपवत होती! एकाने तोंड उघडलं असतं तर तेव्हाच सगळं मिटलं असतं. "गाढव आहात तुम्ही," ती भर गल्लीत म्हणाली. "आणि मी त्याहून मोठी गाढव." म्हणता म्हणता तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. दुकानदार बिचारा खोका हातात धरून आपलं काय चुकलं याचा विचार करत राहिला.

तिने राजीवचा हात धरला. धरला तर तो पानासारखा थरथरत होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, हा माणूस तिने कधी रडताना पाहिला नव्हता. आज त्याचं नाक लाल झालं होतं आणि ओठ काही केल्या जागेवर राहत नव्हते.

"अहो, हे काय? तुमचा हात कापतोय!"

"कापू दे," राजीव म्हणाला. "इतके दिवस आवरून धरला होता."