पदराला मारलेल्या गाठी

अनिता मॅडम नसत्या, तर मी आज बार्शीला परत गेले असते. त्या आमच्या हॉस्पिटलमधल्या युनिटच्या सायकॉलॉजिस्ट. मी अटेंडंट. शाळा नववीत सुटली, नवरा मानेसरला कारखान्यात, म्हणून मी इकडे दिल्लीत.

पाळी गेल्यावर बाईच्या अंगातलं हार्मोन कमी होतं. काहींना डॉक्टर ते गोळीनं देतात. त्याचा स्मरणशक्तीवर काय परिणाम होतो, त्याचा आमचे डॉक्टर सर अभ्यास करतात. मॅडम काही शब्द वाचून दाखवतात. मग थोडा वेळ जाऊ देतात आणि पुन्हा विचारतात. मधल्या वेळात बाईंजवळ बसायचं काम माझं.

त्या दिवशी लक्ष्मीबाई नगरच्या लेले काकू होत्या. त्यांची काळजी वेगळीच. "मुलगा म्हणतो, टेस्ट चांगली आली तरच पुण्याला एकटी जा. बहिणीकडे जायचंय गं मला!"

पुन्हा आत गेल्यावर काकूंनी सगळे शब्द सांगितले. एकही चुकला नाही. सर खूश. तेवढ्यात माझं लक्ष त्यांच्या मांडीवर गेलं. पदराला ओळीनं गाठी. एकेका शब्दाला एकेक! बोटांनी चाचपून सांगत होत्या.

बोलले तर काकूंचं पुणं गेलं, गप्प बसले तर टेस्ट खोटी. बोलले.

सर तडकले. माझी नोकरी गेलीच असं वाटलं. "लता, तुम्हारा ध्यान कहाँ था? और इनको स्टडी से निकालो."

काकू गोंधळल्या. "अहो, गाठ नाही मारायची तर लक्षात कसं ठेवायचं? आमच्या आईनं हेच शिकवलं!"

"सर, चूक माझी," मॅडम म्हणाल्या. "मैंने इसको सिर्फ मोबाइल और कागज़ देखने को कहा था. पदराचं मलाच सुचलं नाही. दुसरे शब्द घेऊन पुन्हा टेस्ट करू." मग हसू आवरेना त्यांना. सरही हसले.

पुढच्या खेपेला काकू पंजाबी ड्रेस घालून आल्या. "बघ, ओढणीसुद्धा आणली नाही. घे झडती!"

एक-दोन शब्द राहिले. मॅडम म्हणाल्या, "वयाच्या मानानं बिल्कुल छान."

"म्हणजे गोळीनं डोकं शाबूत राहिलं?"

"काकू, तुमच्या एकटीवरून ते कळत नाही. गोळी अंगाची आग थांबायला दिलीय, हुशारीसाठी नाही."

"मग हुशारी माझीच की!"

मुलानं बाहेर बसूनच तिकीट काढलं. एकटीचं. काकूंनी मला अशी मिठी मारली की माझा चष्मा पडला.

आता आत जाण्याआधी आम्ही मोबाइल, पेन आणि पदर बघतो. एक बाई काय करील ते दुसऱ्या बाईलाही आधी सुचत नाही, एवढं मी शिकले.

मॅडम दिल्लीतच वाढलेल्या. शेतातला हुरडा त्यांनी कधी खाल्ला नाही. एकदा त्यांना गावी नेऊन आगटीजवळ बसवीन, गरम हुरडा हातावर चोळून देईन. विसरू नये म्हणून ओढणीला गाठ मारून ठेवलीय.