डाव्या हाताची गाठ

सुनेनं आगाशीहून सुकेळी, म्हणजे उन्हात सुकवलेली केळी, आणली. केळीच्या सुक्या पानाचा पुडा मी सोडला आणि त्या उन्हात मुरलेल्या गोड वासासरशी नंदाखाल गावातल्या आमच्या अंगणात पोचले. स्वातंत्र्याला दोन-तीन वर्षं झाली असतील. मी आठ वर्षांची होते.

आदल्या संध्याकाळी आम्ही तंबूतला सिनेमा पाहिला होता. त्यात मेलेल्या पहिल्या बायकोचा आत्मा दुसरीच्या अंगात शिरतो. बायका किंचाळत होत्या. मी मात्र शेजारी बसलेल्या नव्या आईकडे बघत होते. माझी आई जाऊन वर्ष झालं होतं, आणि मला भीतीपेक्षा आशाच जास्त वाटत होती.

सकाळी नवी आई सुकेळीचे पुडे बांधत होती. केळीच्या खोडाच्या सोपटाचा दोर तिनं डाव्या हातानं फिरवला आणि गाठ उलटी पडली. तशी गाठ फक्त माझी डावखुरी आई मारायची.

"आई, तू आलीस?" मी विचारलं.

ती थबकली. सिनेमा तिनंही पाहिला होता.

"नाय गो बाय, मीच आहे," ती हळूच म्हणाली. "तुझ्या आईनं बांधलेला एक पुडा माळ्यावर होता. तो सोडून-बांधून शिकले. माझ्या गाठीचा पुडा तू हातात घेत नव्हतीस."

मी खूप रडले. मग तिनं बांधलेला पुडा सोडून दोन सुकेळी खाल्ली.

आता मी उरलेली सुकेळी बांधते, तेव्हा सून विचारते, "आई, तुमची गाठ अशी उलटी कशी? कुणी शिकवली?"

दोघींपैकी कुणाचं नाव सांगावं, मला ठरवता येत नाही.