पाच आवाज, चार वाद्यं

मिस्त्रींच्या दुकानात व्हायोलिनं दुरुस्त होतात. बाकावर सरसाचं भांडं आणि क्लॅम्प, खिडकीजवळच्या टेबलावर स्वरलिपीचे कागद. रेनेसान्स काळातली, चारशे वर्षांपूर्वी गळ्यासाठी लिहिलेली समूहगीतं ते चार तंतुवाद्यांसाठी मांडून देतात. शब्द गळतात, सूर राहतात.

मिस्त्री आणि त्यांची बायको सव्वीस वर्षं एकाच गायकवृंदात गायले. प्रत्येक आवाजाची ओळ वेगळी; मधल्या ओळींतली वरची तिची, खालची मिस्त्रींची. गेल्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं आणि तिचा आवाज गेला. तेव्हापासून ती पाटीवर लिहून बोलते आणि गाणं सुरू झालं की खोलीतून उठून जाते.

या खेपेला मिस्त्रींनी वृंदाचंच एक जुनं गाणं काढलं. बायकोने आपण होऊन लिहिलं, ‘तालमीला येते.’

गाणं पाच आवाजांचं, वाजवणारे चार. एक ओळ मोडावी लागणारच होती. मिस्त्रींची रीत ठरलेली: जिचे सूर इतरांकडे सापडतात, ती मोडायची. ती नेमकी बायकोची निघाली. रीत म्हणजे रीत. त्यांनी तिचे उरलेसुरले सूर बाकीच्यांत वाटून टाकले.

तालमीला ती दाराजवळच्या स्टुलावर बसली, बोटाने गुडघ्यावर ताल धरून. तिची ओळ सुरू व्हायची जागा आली आणि बोट थांबलं. तिने पाटी पुढे केली. ‘मी कुठे आहे?’

“सूर सगळे आहेत गं,” मिस्त्री म्हणाले.

‘सूर आहेत. मी येतच नाही.’

“मिस्त्री, कापायला घरचंच माणूस सापडलं?” चेलोवाले मास्तर म्हणाले. ती चपला घालून निघून गेली.

या संगीतात कुणी कुणाचा साथीदार नसतो, प्रत्येक ओळ हे स्वतंत्र गाणं असतं, असं वृंदात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मिस्त्रीच सांगायचे. दुसऱ्या दिवशी त्यांनी बायकोची जुनी प्रत काढली, तिची ओळ अख्खी व्हायोलाला, म्हणजे व्हायोलिनच्या थोड्या मोठ्या भावंडाला दिली आणि स्वतःची मोडली. संध्याकाळी कागद तिच्यापुढे ठेवले. तिने बोट फिरवत शेवटपर्यंत वाचले. पुढच्या तालमीला ती आली.

व्हायोला वाजवणारी बायकोची भाची मध्येच थांबली. “काका, इथे श्वासाची खूण आहे. गजाला कसला दम लागतो?”

एका लांब सुराच्या मधोमध बायकोचा दम दर वेळी संपायचा. तिथे तिने पेन्सिलीने खूण केली होती. नक्कल करताना तीही उतरली होती.

“चुकून आलीय. खोड ती.”

बायको उठली, भाचीच्या हातातली पेन्सिल घेतली आणि खूण गडद केली.

“वहिनींनी सांगितलंय,” मास्तर म्हणाले. “उचल गज.”

त्यांनी पहिल्यापासून वाजवलं. त्या सुराच्या मधोमध गज उचलला गेला, पुन्हा टेकला. ती शेवटपर्यंत बसून होती. मग तिने लिहिलं, ‘तुम्ही ऐकू आला नाहीत.’

“मला वाटून टाकलंय,” मिस्त्री म्हणाले. “थोडा मास्तरांकडे, थोडा इकडे तिकडे.”

तिने तळहाताने पाटी पुसली. ‘पुन्हा वाजवा. शोधते.’