खालून काढलेलं चित्र

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला कंपनीत सगळे खारोबा म्हणायचे. अंगानं शिडशिडीत, आणि लिफ्टच्या उभ्या बोगद्यात खारीसारखा चढायचा असा, की खालचा माणूस मान वर करेपर्यंत हा वरच्या मजल्यावर. नाव कुणी पाडलं ते कुणालाच आठवत नव्हतं आणि त्याचीही त्याला काही तक्रार नव्हती. बायको गेली तेव्हा लेक बालवाडीत होती. तिला त्यानं एकट्यानं वाढवलं. वेण्या घालायला शिकला, फक्त त्या वेण्यांना दिवसभर ग्रीसचा वास यायचा.

कामावरचा त्याचा जोडीदार म्हणजे मास्तर. आयुष्यात कधी खडू हातात धरला नव्हता, पण उठता-बसता सगळ्यांना धडे द्यायचा, म्हणून मास्तर. दोघांनी उभी हयात एकमेकांच्या डब्यात हात घालून काढली. दोन वर्षांपूर्वी एका जुन्या इमारतीत मास्तरनं लिफ्टचं दार उघडलं आणि बोलता बोलता आत पाऊल टाकलं. लिफ्ट समोर नव्हती, वर अडकलेली होती. मास्तर सरळ तळाशी गेला. खारोबा त्याच्या मागेच उभा होता.

जागच्या जागी गेला, असं कंपनीनं कळवलं. मास्तरच्या बायकोला, म्हणजे खारोबाच्या वहिनीला, तेच सांगितलं गेलं. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे त्यांना काही कळलं नसेल." खारोबानं मान डोलावली आणि त्या दिवसापासून तोंडाला कुलूप लावलं.

खरं तर मास्तर बराच वेळ जिवंत होता. खारोबा दारातून पोटावर पडून खाली वाकला होता, हातात टॉर्च. पहारेकऱ्याला त्यानं ओरडून फोन करायला पळवलं आणि स्वतः जिन्याकडे धावणार, तेवढ्यात खालून मास्तरचा आवाज आला, "जाऊ नकोस. उजेड धर." मग तो हलला नाही. मदत आली तोवर खालचा आवाज थांबला होता.

त्यानंतर खारोबाला भीती बसली. कामावर जायचा, पण दार उघडताना तळहात ओले व्हायचे. आत लिफ्ट आहे हे डोळ्यांनी दिसत असतानाही आधी पाय लावून बघायचा. कुणी विचारलं तर गुडघा धरलाय म्हणायचा. लेकीला तर त्यानं यातलं अवाक्षर सांगितलं नाही. ती चित्रकला शिकत होती, स्वतःच्या रंगांत बुडालेली असायची, आणि आपलं बरं चाललंय असं तिला वाटावं यासाठी तो घरी शीळ घालत फिरायचा.

लेकीच्या वर्गाचं प्रदर्शन भरलं. खारोबा कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेला. पहिल्या दालनात फुलदाण्या होत्या, म्हातारे चेहरे होते, एक झोपलेलं कुत्रं होतं, ते त्याला फार आवडलं. दुसऱ्या दालनात लेकीचं चित्र होतं, आणि तिथं तो जागीच थांबला.

पुरुषभर उंचीचं चित्र, जवळजवळ सगळं काळं. चार भिंती वर वर गेलेल्या. भिंतींवर ओल, सिमेंटचे ओघळ. आणि खूप वर, एका भिंतीत, दाराएवढा पिवळा उजेड. त्या उजेडातून एक माणूस वाकून खाली बघत होता. त्याला चेहरा नव्हता, नुसतं डोकं आणि खांदे. खाली पट्टीवर एकच शब्द होता, 'वर'.

दोन मुली शेजारी येऊन म्हणाल्या, आजच्या माणसाचा एकटेपणा छान दाखवलाय. एका गृहस्थांना ती विहीर वाटली. खारोबाच्या कानात मात्र नुसता गुंजारव चालला होता. मास्तरनं खाली पडल्या पडल्या जे पाहिलं असेल, ते समोर टांगलेलं होतं. हे तर जगात फक्त दोघांनी पाहिलं होतं, आणि त्यातला एक उरला नव्हता. मग पोरीला कळलं कुठून?

लेक लांबून हसत त्याच्याकडे बघत होती. आवडलं का, असं तिनं खुणेनं विचारलं. त्यानं अंगठा वर केला आणि पाणी पिण्याच्या निमित्तानं बाहेर पडला.

त्या दिवसापासून त्याचं घरातलं वागणंच बदललं. आपण झोपेत बडबडतो अशी त्याला शंका आली. मग तो खोलीचं दार आतून लावून झोपायला लागला, तोंडाशी चादर धरून. लेक जेवताना सहज त्याच्याकडे बघायची, तर त्याला वाटायचं, ही चौकशी करतेय. कधी वाटायचं, पोरीला काहीच माहीत नाही, चित्र आपोआप तिच्या हातून आलंय, आणि तेच जास्त वाईट आहे. कारण मग ते घडून गेलेलं नसून पुढं घडायचं असणार. खाली पडलेला मास्तर नसेल, आपणच असू. असल्या गोष्टींवर त्याचा विश्वास नव्हता. पण विश्वास नसलेला माणूसही भ्यायचा तो भितोच.

त्याच आठवड्यात एका कार्यालयाच्या इमारतीत तो लिफ्टच्या टपावर उभा राहून दोर तपासत होता. बाजूच्या फटीतून त्याची नजर खाली गेली. खाली त्याला ते चित्र दिसलं, उलट्या बाजूनं. त्यानं दोर धरला आणि मग त्याला तो सोडता येईना. पहारेकरी खालून विचारत राहिला, झालं का, लिफ्ट चालू करू का. नको म्हणायला खारोबानं तोंड उघडलं, पण घशातून आवाज निघाला नाही. हा आता बटण दाबणार, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं. पहारेकऱ्याला कसली शंका आली कोण जाणे, पण त्यानं बटण न दाबता सुपरवायझरला बोलावून आणलं. सुपरवायझरनं वर येऊन खारोबाचं एकेक बोट दोरापासून सोडवलं, चक्कर आली असेल म्हणाला आणि त्याला घरी पाठवलं.

तो घरी गेला नाही. कामाच्या कपड्यांतच प्रदर्शनाला गेला. दुपारची वेळ, दालन रिकामं, फक्त लेकीचे शिक्षक खुर्चीत बसून पेंगत होते. त्यानं त्यांना आपली ओळख सांगितली आणि सरळ विचारलं, या चित्राचा अर्थ काय होतो.

शिक्षक भले गृहस्थ होते. डोळे चोळत चित्रासमोर येऊन उभे राहिले. म्हणाले, "अर्थ नंतर बघू. आधी यात काय काय आहे ते मला सांगा."

"खड्डा आहे. वर दार आहे. दारात माणूस आहे."

"आणखी?"

"खाली पडलेला माणूस आहे."

शिक्षकांनी चष्मा नीट केला, चित्राच्या खालच्या कडेपर्यंत वाकून पाहिलं. "तो मला कुठं दिसत नाही," ते हळूच म्हणाले. "खालून कुणीतरी वर बघतंय एवढं खरं. पण तो पडलाय हे तुम्ही आणलंत. आणू नये असं मी म्हणत नाही, मीही माझं काहीतरी आणलंच असेल. पण तिनं काय आणलं होतं, ते तिलाच विचारा ना. घरातच तर आहे."

घरी पोचला तेव्हा लेक मोरीत ब्रश धूत होती. पाण्यात काळा रंग उतरत होता. तो दारातच उभा राहिला. वाटेत घोकलेली सगळी वाक्यं ऐन वेळी दगा देऊन गेली.

"त्या खड्ड्यात खाली कोण आहे?" त्यानं विचारलं.

"मी," लेक म्हणाली.

त्यानं चौकट धरली. तिनं वळून पाहिलं, त्याचा उतरलेला चेहरा पाहिला आणि नळ बंद केला.

मग तिनं सांगितलं. ती लहान असताना तिला सांभाळणाऱ्या शेजारणीला बरं नसलं की तो तिला नव्या इमारतींवर घेऊन जायचा. लिफ्ट अजून बसवलेली नसायची. खालच्या दाराला फळी ठोकलेली असायची आणि तिला तिथं बसवून तो वर मापं घ्यायला जायचा. ती फळीवरून डोकं आत घालून वर बघायची. आत काळोख, आणि बाबाचा आवाज नुसता घुमत राहायचा.

"कुठून येतो तेच कळायचं नाही. मला वाटायचं, आईसारखा बाबा पण गेला. मग मी हाक मारायचे आणि तू कुठल्या तरी दारातून डोकावायचास."

"भीती वाटायची तुला?"

"तू दिसेपर्यंत. चित्रात तू दिसलायस, बाबा."

खारोबा मोरीच्या कट्ट्यावर बसला. आपण पोरीला त्या काळोखात बसवत होतो, हे त्याच्या इतक्या वर्षांत कधी ध्यानातच आलं नव्हतं. आणि मग, काही न ठरवता, त्यानं मास्तरचं सगळं सांगून टाकलं. टॉर्चचं, आवाजाचं, आवाज थांबल्याचं. लेकीनं शेवटी एवढंच विचारलं, "मास्तरकाकूंना माहीत आहे हे?"

त्यानं नकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी त्यानं सुपरवायझरला गुडघ्याचं खोटं आहे, मला आत उतरायची भीती वाटते, असं सांगितलं. लोक हसतील असं त्याला वाटलं होतं. सुपरवायझर म्हणाला, मला कधीची वाटते, म्हणून तर मी सुपरवायझर झालो. त्यानं खारोबाला तक्रारींच्या फोनवर बसवलं. लिफ्टमध्ये अडकलेली माणसं तिथं फोन करतात, आणि मदत पोचेपर्यंत कुणीतरी त्यांच्याशी बोलत राहावं लागतं. ते काम त्याला जमलं.

वहिनीचं मात्र तो पुढे ढकलत राहिला. प्रदर्शन संपायच्या दिवशी लेकच तिला घेऊन आली. वहिनी शिवणकामाच्या कारखान्यातून तशीच आली होती, खांद्यावर दोऱ्याचे तुकडे. चित्रासमोर उभी राहून तिनं खारोबाला विचारलं, "हे तुमच्या कामावरचं का, भाऊजी?" खारोबानं हो म्हटलं, आणि तिच्याकडे न बघता, भिंतीकडे बघत, जे सांगायचं ते सांगितलं. आता ही आपल्याला शिव्याशाप देईल, असं धरूनच तो बोलत होता.

"हे तेव्हाच सांगायला हवं होतं, भाऊजी."

"हो."

"मला वाटायचं, अंधारात गेले. एकटे."

"नाही वहिनी. उजेड होता. मी होतो."

"काय बोलले?"

"थंडी वाजतेय म्हणाला."

"त्यांना लवकर वाजायची," वहिनी म्हणाली. तिनं पदरानं डोळे पुसले आणि त्या काळ्या चित्रातल्या वरच्या पिवळ्या उजेडाकडे बघत राहिली. आजूबाजूची चित्रं उतरवायला माणसं आली होती, शिडी सरकवत होती. लेकीनं त्यांना हे शेवटी उतरवा म्हणून सांगितलं आणि एक खुर्ची आणून ठेवली.

"तुम्ही व्हा पुढे," वहिनी बसत म्हणाली. "मी जरा थांबते."

खारोबा बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसला. ती बाहेर आल्यावर काय म्हणेल याची त्याला धास्ती होती. तळहात ओले झाले होते. ते पँटला पुसत तो दाराकडे बघत बसून राहिला.