परदेशातली खुरपणी

मा सुन्नामला स्वस्थ बसणं कधी जमलंच नाही. कोरियात हेनामजवळच्या तिच्या गावात बायका म्हणत, ही जेवतानासुद्धा एक गुडघा उभा ठेवून बसते, म्हणजे उठायला बरं. सहावीनंतर धाकट्या भावांसाठी तिची शाळा सुटली. चौदाव्या वर्षी ती बुसानला बुटांच्या कारखान्यात तळव्यांना गोंद लावायला लागली. तिथून शिवणाच्या दुकानात, तिथून बंदरावरच्या खानावळीत. कुठेच दोन वर्षांच्या वर टिकली नाही. लग्न करून परत हेनामला आली आणि नवऱ्याच्या, योम ब्योंगहोच्या, कोबीच्या शेतात मात्र पस्तीस वर्षं राबली. त्या शेतात गवताची काडी दिसत नसे. हातानं निघालं ते तिनं उपटलं, निघालं नाही त्यावर औषध मारलं.

मुलगी लग्न होऊन ग्वांगजूला गेली आणि घर रिकामं झालं. सुन्नामनं पुस्तकं काढली. तीन वर्षांत राहिलेल्या शाळेच्या सगळ्या परीक्षा दिल्या आणि एकसष्टाव्या वर्षी कृषी महाविद्यालयात नाव घातलं. वर्गातली बाकीची पोरं विशी-बाविशीची. ती तिला मावशी म्हणत, तिच्या डब्यातली किमची खात आणि परीक्षेच्या आधी तिच्याच वह्या मागत.

दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरात त्यांचा अभ्यासदौरा निघाला. बारा दिवस तैवानला, ह्वालिएनकडच्या अमिस आदिवासींच्या एका पाणथळ गावात. जमीन न थकवता तिथे अन्न कसं पिकवतात आणि ते लोक राहतात कसे, ते बघायचं. ब्योंगहो म्हणाला, "कोबी ऐन वाढीत आहे, माझा गुडघा हा असा, आणि तू निघालीस परदेशात शेत बघायला? आपलं बघून कंटाळा आला?"

"आला," सुन्नाम म्हणाली आणि गेली.

गेली खरी, पण विमानात बसल्यापासून तिचा जीव टांगणीला. उतरल्या उतरल्या तिनं फोन लावला. "अहो, अळ्या बघितल्या का?"

"बघितल्या. त्याही तुझी चौकशी करत होत्या."

"थट्टा नको. पानांखाली बघितलं?"

"पानांखाली बघितलं, पानांवर बघितलं. आता फोन ठेव, मला जेवू दे."

पहिले तीन दिवस नुसती भाषणं आणि बसप्रवास. सोबत आलेल्या बेक सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बघा, ऐका, लिहा. न विचारता कशाला हात लावू नका." पोरं बघत होती, लिहीत होती. सुन्नामच्या वहीत दोन ओळींच्या वर काही जात नव्हतं. कुणी बांबूचं कुंपण दाखवलं की तिला ते ओढून बघावंसं वाटे. मासे राहावेत म्हणून ओढ्यात लाकडं आणि फांद्या रचून ठेवलेल्या दाखवल्या, तर ही चप्पल काढून पाण्यात उतरायला निघाली. सरांनी हाक मारली, तशी काठावर आली आणि काठाकाठानं फेऱ्या मारत राहिली.

"मावशी, बसा ना जरा," दाओन म्हणाली. ही तिची वर्गमैत्रीण, बावीस वर्षांची. तिला चिनी येत होती, म्हणून दोघींची सोय एकाच घरी केली होती, पानाय नावाच्या सत्तरीच्या बाईकडे. पानाय एकटी राहायची. बुटकी, रुंद खांद्यांची, फार न बोलणारी. पहिल्या दिवशी जेवण झाल्यावर सुन्नाम भांडी घासायला उठली, तर पानायनं तिच्या हातातलं ताट काढून घेतलं.

"काय म्हणते?" सुन्नामनं विचारलं.

"पाहुणी आहेस, बस, म्हणते."

पुन्हा तेच. बस.

पाचव्या दिवशी उजाडता उजाडता तिला जाग आली. दाओन गाढ झोपली होती. पानाय पहाटेच टोपली घेऊन ओढ्याकडे गेली होती. सुन्नामनं घरी फोन लावला, तो कुणी उचलला नाही. झालं. आता पाइप फुटला की गुडघा दुखावला की अळ्या पडल्या, नाना शंका. अंगणात चार फेऱ्या मारल्या आणि ती घरामागे गेली.

मागे अळूचं शेत होतं. अळूच्या ओळींमधली सगळी जागा तणानं भरलेली, मांडीइतकं उंच, कोवळं, दाट तण. त्यातलं अर्धंअधिक तिच्या ओळखीचं. पांढरी बारीक फुलं आणि मग काळ्या मण्यांसारखी फळं येणारी ती कामोणी. आयुष्यभर तिनं ती कोबीतून उपटली होती. सुन्नामला वाईट वाटलं. एकटी म्हातारी बाई, किती करणार? पाच दिवस फुकट खातोय आपण तिच्याकडे.

तिनं बाह्या सारल्या आणि हात घातला.

जमीन ओली होती, मुळं अलगद येत होती. ओळीमागून ओळ. पाठीला सवयीची कळ लागली, नखांत माती गेली. हेनाम सोडल्यापासून पहिल्यांदाच तिच्या मनात ना फोन होता, ना अळ्या. दीड तासात अख्खा तुकडा आरशासारखा झाला. उपटलेलं तण तिनं बांधावर एकसारखं रचून ठेवलं, मुळं एका बाजूला, शेंडे एका बाजूला, आणि कपाळ पुसत उभी राहिली.

पानाय आली ती टोपलीत मासे घेऊन. शेताच्या कडेला थबकली. टोपली खाली ठेवली. ढिगाऱ्याशी उकिडवी बसली, एक रोप उचललं आणि हलक्या हातानं मुळांची माती झाडली. सुन्नाम हसून तिच्याकडे बघत होती. पानाय काहीतरी बोलली. सुन्नामनं आत तोंड करून हाक मारली, "दाओन! बाहेर ये गं, आजी काहीतरी म्हणतायत!"

दाओन डोळे चोळत आली. पानायचं ऐकलं आणि तिचा चेहरा उतरला.

"मावशी... हे तण नाहीये."

"मग?"

"हेच तिचं पीक आहे. ही भाजी आहे. उद्याच्या बाजाराची. आणि तिच्या आईच्या वेळेपासूनचं बियाणं आहे. ती पेरत नाही, दरवर्षी तिथेच पडतं, तिथेच उगवतं. या खेपेला अजून बी पडलं नव्हतं."

सुन्नामला कुणी तोंडात मारल्यासारखं झालं. ती त्या स्वच्छ तुकड्याकडे बघत राहिली. मग मटकन खाली बसून रोपं परत मातीत खुपसायला लागली, वेडीवाकडी, दोन-दोन एका खड्ड्यात. पानायनं तिचा हात धरून थांबवलं.

बेक सर आले, लालबुंद. "पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं मी? साठी उलटलेल्या माणसाला हे सांगायला लागावं?" ते गेल्यावर ती घरात गेली आणि बॅग भरायला लागली.

"मावशी, तिकीट बुधवारचं आहे," दाओन म्हणाली.

"बदल."

"असं नाही बदलत."

"मग स्टेशनावर बसते बुधवारपर्यंत!"

"तुम्ही? बसाल?"

एरवी ती हसली असती. तेवढ्यात पानाय दारात आली आणि दाओनशी दोन वाक्यं बोलून गेली.

"काय म्हणाली? जा म्हणाली ना?"

"म्हणाली, बॅग नंतर भर. एवढी भाजी उन्हानं मरेल. ती काय मी एकटीनं निवडायची?"

मग तिघी मागच्या पडवीत बसल्या. मुळं शाबूत होती ती रोपं ओल्या पोत्यात बाजूला. पिकलेले काळे मणी एका वाडग्यात, बियांसाठी. उरलेल्यांची कोवळी पानं खुडायची. खुडण्यात सुन्नामचा हात पानायपेक्षा वेगानं चालला. पानायनं एकदा तिच्या बोटांकडे बघून हुंकार दिला.

"तुमच्याकडे हे खात नाहीत?" पानायनं दाओनकरवी विचारलं.

"पोरं फळं खातात. पानं कुणी..." सुन्नाम थांबली. चैत्रात, धान्य संपलेलं असताना आई टोपली घेऊन डोंगरावर जायची. जे कोवळं दिसेल ते आणायची, उकडायची, पिळायची. नावं तरी किती होती त्या पानांना! सुन्नामला ती सगळी यायची, दहा वर्षांची असताना. पुढे तीच पानं कोबीत उगवली आणि तिनं त्यांच्यावर औषध मारलं. ती दाओनला म्हणाली, "सांग तिला, आमच्याकडे खायचे. मी विसरले."

पानायनं पान खुडत खुडत सांगितलं, "मी तैपेईला सात वर्षं इमारतींवर विटा वाहिल्या. परत आले आणि पहिल्याच आठवड्यात आईचा हा तुकडा उपटून साफ केला. तिनं महिनाभर मला नुसता भात वाढला."

"खरंच?"

"मीठही नव्हतं."

दुपारी मोठ्या पातेल्यात सुकट घालून कडूसर रस्सा झाला. पानायनं आळीतली आठ घरं जेवायला बोलावली. समोरचा म्हातारा काचाव वाटी भरून घेत म्हणाला, "कोरियाहून यंत्र आलंय म्हणे. माझ्याकडेही पाठव पानाय. पण आधी मी माझी भाजी काढून घेतो." सगळे हसले. दाओननं भाषांतर करायला टाळाटाळ केली, पण सुन्नामला शब्दांवाचून कळलं. तिनं दोनदा रस्सा घेतला. बेक सरांनी तीनदा.

उरलेले दिवस ती उजाडताच मागे जाई. वाचलेली रोपं पानायनं दाखवली तशी लावली होती, विखरून, ओळीत नाही. ती तशी वेडीवाकडी बघवत नव्हती, हात शिवशिवत. पाणी घालायचं आणि बाजूला व्हायचं, एवढंच काम. अर्धी रोपं माना टाकून होती. बुधवारी निघताना तिनं विचारलं, "जगतील का?"

पानाय म्हणाली, "बघू."

त्या एका शब्दानं सुन्नामला परतीच्या विमानात चैन पडू दिली नाही.

घरी कोबी उत्तम होता. ब्योंगहो म्हणाला, "तू नव्हतीस ना, म्हणून बिचारा निवांत वाढला." दौऱ्याच्या अहवालात तिनं त्या सकाळचं सगळं लिहिलं, काही झाकलं नाही. सरांनी तो वर्गात मोठ्यानं वाचून घेतला. तिचे कान लाल झाले. नोव्हेंबरात दाओनच्या फोनवर पानायचा फोटो आला. तुकड्यात कुठे हिरवं, कुठे नुसती माती. खाली लिहिलं होतं, थोडी जगली, बी टाकलंय.

पुढच्या उन्हाळ्यात सुन्नामनं बांधाची एक पट्टी औषधावाचून सोडली. कामोणी आली, घोळ आली, आणि आईच्या टोपलीतली दोन पानं आली. एकाचं नाव तिला आठवलं, दुसऱ्याचं नाही. ब्योंगहोनं भाजी चाखून तोंड वाकडं केलं. "लोक विचारतात, बायको आजारी आहे का? शेत असं का दिसतंय?"

"सांगा, आजारी आहे."

तरी एका सकाळी तिनं नकळत अर्धी पट्टी उपटून काढली, आणि भानावर आल्यावर स्वतःलाच शिव्या घालत उभी राहिली.

सध्या ती तालुक्याच्या वाचनालयात चिनी शिकायला जाते. मास्तरांनी पहिल्या दिवशी "माझं नाव अमुक" हे वाक्य घेतलं. ही म्हणाली, "ते राहू द्या. हे खातात का, हे कसं विचारायचं, ते आधी सांगा." आता अंगणात येरझारा घालत ती तेच घोकते, आणि ब्योंगहो आतून ओरडतो, "अगं, निदान घोकताना तरी बस!"