तक्रारमुक्त झालेले नाटक

दिनांक १७ जानेवारी २०२५. नोंद अशी की, चाकणच्या एका कारखान्याच्या वार्षिक समारंभात मोशीचे किसनराव यांची तरुणपणी तुटलेली दोन बोटे, त्यांना न विचारता, पूर्ववत जोडण्यात आली.

जोडणारा त्यांचा मुलगाच. गोरक्ष त्या कारखान्यात गुणवत्ता तपासनीस. वडिलांची बोटे प्रेस मशीनखाली गेली, त्यावर त्याने एकांकिका लिहिली. शेवटी कामगार बायकोच्या हातून घास घेतो आणि मुलाने पाहू नये म्हणून भिंतीकडे तोंड वळवतो. पहिला प्रयोग कँटीनमध्ये झाला. पडदा पडल्यावर बराच वेळ कोणी चहासुद्धा मागितला नाही.

गोरक्षाला या शांततेचे काय करावे ते कळेना. दोष नोंदवायचा, सुधारायचा आणि फळ्यावरची लाल खूण हिरवी करायची, एवढेच त्याला नोकरीने शिकवले होते. त्याने दाराशी सूचनापेटी टांगली. चूक झाली ती इथे, आणि ती त्याने पूर्ण निष्ठेने केली.

सुरक्षा विभागाने नाटकातल्या कामगारासाठी हातमोजे मागितले. कँटीनवाल्यांना शेवट जेवणाआधी जड वाटला. मनुष्यबळ विभागाच्या तेजल मॅडम म्हणाल्या, "गोरक्षसर, अपघात कशाला दाखवता? थोडक्यात वाचला म्हणा ना! समारंभाला पाहुणे येणार आहेत."

सुटीसुटी पाहिली तर प्रत्येक सूचना रास्त होती. हातमोजे आले, मशीनला जाळी आली, अखेरीस बोटेही शाबूत राहिली. शेवटच्या प्रवेशात आता सगळे कुटुंब श्रीखंड खाते. फळा हिरवागार झाला.

समारंभात लोकांनी मोबाइलमधून माना वर काढून भरघोस टाळ्या दिल्या. किसनराव पहिल्या रांगेत होते.

"कसं वाटलं, दादा?" बाहेर आल्यावर गोरक्षाने वडिलांना विचारले.

"झ्याक! शिरखंड लई हाणलं त्यांनी." म्हातारा हसला. "पर त्यो गडी कोन व्हता रं?"

"तुम्हीच की."

"मी न्हाई. मला तुजी आई भरवायची. तू दारात उभा ऱ्हायचास. ते लिवलं व्हतंस, ते कुनाला खुपलं?"

सोमवारी गोरक्षाने मूळ शेवट परत घेण्याची परवानगी मागितली. तेजल मॅडमनी खेदपूर्वक कळवले की, मंजूर झालेल्या संहितेत आता बदल करता येत नाही.

वाचकांकडे मागणी एवढीच: नाटक आवडले नाही तर उठून जा, नावे ठेवा, सडकून टीका करा, पण पूर्ण झालेले नाटक बदलून मागू नका.