वरच्या मजल्यावरच्या काकू आणि त्यांचे साहेब

पृथ्वीवर आजवर होऊन गेलेल्या समस्त पुरुषांपैकी आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंना मनापासून पसंत असा एकच होता, आणि तो म्हणजे काका नव्हेत. शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या कुठल्याशा विद्यापीठाचे अध्यक्ष असलेले ते एक गृहस्थ. काकूंनी तरुणपणी पुण्यात त्यांच्या चरित्रावर पीएच.डी. करायला घेतली होती. मध्येच लग्न झालं, काकांच्या बदल्या सुरू झाल्या आणि प्रबंध राहिला तो राहिलाच. हे 'साहेब' मात्र काकूंबरोबर गावोगाव फिरले आणि शेवटी मुलाच्या नोकरीपायी जपानात, आमच्या हिगाशी-कसाईला येऊन पोचले. साहेब लागू पडत नाहीत असा विषयच नव्हता. मी प्लास्टिकच्या कचऱ्यात चुकून काचेची बाटली टाकली, की "साहेब स्वतः वर्ग झाडायचे!" ऑफिसात मॅनेजर छळतो म्हणालो, तर "मुलींना प्रवेश देऊ नका म्हणून विश्वस्तांनी साहेबांना धमकावलं. साहेबांनी टेबलावर राजीनामा ठेवला. तू काय ठेवलंस?" काका आतून ओरडत, "या घरात पुरुष दोन. एक अमेरिकेत वारला, दुसऱ्याला अजून चहा मिळालेला नाही!"

आता दोघं पुण्याला परतलीत. जायच्या आधीच्या शरदात मला कामासाठी सेंदाईतल्या एका विद्यापीठात जायचं होतं. "मी येऊ का रे?" काकूंनी विचारलं. इतक्या हळू आवाजात त्यांना बोलता येतं, हे मला तेव्हा कळलं.

काम आटोपून आलो तर काकू आवारातल्या बाकावर बसलेल्या. पोरं पुस्तकं घेऊन लगबगीनं चाललेली.

"अमेरिकेलाही जाऊन येऊ एकदा," मी म्हणालो. "साहेबांचं विद्यापीठ बघायला."

"साहेबांचं काय घेऊन बसलास! ते झाले अध्यक्ष. मला नुसतं शिकवायचं होतं रे."

मी पाणी आणायला गेलो. परतताना लांबून पाहिलं, एका विद्यार्थिनीनं सायकल थांबवली, कमरेत वाकली आणि काकूंना काहीतरी विचारलं. काकूंना जपानी अक्षरही कळत नसे. त्यांनी क्षणभर विचार केला आणि ठामपणे डावीकडे बोट दाखवलं. मुलगी पुन्हा वाकून निघून गेली.

"काय विचारत होती?"

"कुणास ठाऊक. पण आधी 'सेन्सेई' म्हणाली. सेन्सेई म्हणजे शिकवणाऱ्या बाईच ना?"

"हो, काकू."

त्यांनी पदर नीट केला आणि ताठ बसून राहिल्या. गाडीची वेळ होत आली होती, पण त्यांना 'चला' म्हणायला माझी जीभ रेटेना.